दोराच्या शेपटाची जागा

रापण म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला दोन वाक्यांत सांगता येतं, आणि हिवाळ्यात मी ते पाहुण्यांना रोज सांगते. होडी किनाऱ्यावरून निघते, समुद्रात अर्धगोल घेत जाळं सोडते आणि पुन्हा किनाऱ्याला लागते. मग जाळ्याच्या दोन्ही टोकांचे लांब दोर माणसं वाळूवर उभी राहून ओढतात आणि मासळी बाहेर आली की तिचे वाटे पडतात.

जे मी पाहुण्यांना सांगत नाही ते असं. वाटा हाताला मिळतो, जोराला नाही. जाळ्याची पिशवी, म्हणजे खोलो, पाण्याबाहेर यायच्या आत ज्याचा हात दोराला लागला, त्याचा वाटा. जाळ्याचा आणि होडीचा वेगळा. त्याने किती जोर लावला हे कोणी बघत नाही. रापणकर आजारी असेल तर त्याचा वाटा घरी पोचवतात. पण धडधाकट असून जो आला नाही त्याला वाटा नाही, आणि तोही मागत नाही. हे कुठे लिहिलेलं नाही. मी दुकानदाराची मुलगी, माहेर कणकवलीचं. लिहिलेल्या गोष्टी मला पटकन समजतात. लग्न होऊन देवबागात आल्याला आता निम्मं आयुष्य झालं, तरी न लिहिलेलं समजायला मला वेळ लागतो.

आमच्या घराला लागून तीन खोल्या आहेत, त्या पाहुण्यांना देतो. नवरा खाडीत होडी फिरवतो, बाकी सगळं माझ्याकडे. चादरी, नाश्ता, गॅस, कोणाला मासे चालतात, कोणाला नाहीत, कोणाला डॉल्फिन दाखवायचे. स्वयंपाकघराच्या दाराला कागद चिकटवलेला असतो आणि सकाळचा चहा होईपर्यंत त्यावरच्या अर्ध्या ओळी मी खोडलेल्या असतात. घरातले हसतात. हसू देत. त्या कागदावर घर चालतं.

पाहुण्यांनी रापण ओढावी ही कल्पना माझीच. आमच्या रापणीत माणसं कमी पडायला लागली होती. तरुण मुलं गोव्याला नाहीतर पर्यटकांच्या बोटींवर. जाळं जड आणि हात थोडे. इकडे माझे पाहुणे सकाळी उठून विचारणार, आता काय करायचं? मी दोन्ही जोडून दिलं. रापणीचा तांडेल, म्हणजे म्होरक्या, माझा चुलत दीर. त्याला म्हटलं, "भावजी, पावण्यांका लावा दोराक. त्येंका गंमत, तुमका हात."

तो म्हणाला, "वयनी, पावणे ओढतीत काय फोटो काढतीत?"

"एका हातान ओढतीत, एका हातान काढतीत."

"मगे अर्धो वाटो," तो म्हणाला, आणि दोघंही हसलो. ठरलं एवढंच, की पाहुण्यांना तळून खाण्यापुरती मासळी द्यायची. व्यवस्था खरंच चांगली होती. दिवाळीपासून रापण नियमित लागायला लागली. पोटरीभर पाण्यात उभे राहून पुण्याचे लोक "हेऽऽ" करून ओरडायचे आणि रापणकर गालात हसायचे. मला स्वतःचं कौतुक वाटत होतं.

दोर जसजसा ओढून येतो तसतसा त्याच्या शेवटाला, म्हणजे ओढणाऱ्यांच्या मागे, कोणीतरी बसून तो गोल गोल रचत जातं. त्या जागेला आमच्यात शेपूट म्हणतात. काम हलकं, बसून करायचं. ती जागा माझ्या नवऱ्याच्या चुलत्यांची होती. काकांनी उभा जन्म होडीवर काढलेला. गुडघे गेले तसे ते होडीवरून दोरावर आले, आणि दोर ओढवेना तेव्हा शेपटाला बसले. काकी गेल्यापासून एकटेच राहतात, खाडीच्या बाजूच्या घरात. कानाने थोडं कमी ऐकतात. सकाळी दोर रचायचा, वाटा घ्यायचा, घरी जाऊन स्वतः कापून शिजवायचा. मासळी विकत घेतलेली मी त्यांना कधी पाहिली नाही.

डिसेंबरात एक पाहुणा फोटोसाठी त्या रचलेल्या दोराच्या मधोमध जाऊन उभा राहिला. समोर लाट, बायको मोबाइल धरून. काकांनी हातातल्या दोराचं टोक त्याच्या पोटरीवर फटकन मारलं. "पाय काढ रे थयसून! समुद्र तुझो पावणो नाय, ओढून नेतलो!"

लागलं काही नाही. पण पाहुणा दुपारी जेवताना म्हणाला, "मॅडम, बाकी सगळं छान, पण तो म्हातारा जरा…" आणि हात हलवला. मी माफी मागितली. दाराच्या कागदावर लिहिलं, 'काकांची सोय'.

सोय. हाच शब्द लिहिला होता.

दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर तांडेलाला सांगितलं, "भावजी, काकांका आता खुर्चयेर बसवया. वय झाला त्येंचा. दोर पावण्यांची पोरा गुंडाळतीत, त्येंका आवडता. काका नुसते बसान म्हायती सांगतीत, रापण कशी, मासे खंयचे."

"आणि वाटो?"

"वाटो तसोच द्यायचो. त्येंचा काय कमी करूचा नाय."

त्याने डोकं खाजवलं. "वयनी, तुमी ठरवलास ना? मगे माका कित्याक इचारतास?"

मी घरातली एक प्लॅस्टिकची खुर्ची आणून सुरूच्या सावलीत ठेवली. काका आले. त्यांनी खुर्चीकडे बघितलं.

"ही कोणाची?"

"तुमची, काका."

"माका बसूक एवढी वाळू आसा गो."

मी हसत त्यांचा दंड धरला आणि बसवलं. ते बसले. पाहुण्यांसमोर सुनेचा हात झटकायचा नाही म्हणून बसले, हे मला आता कळतं. तेव्हा वाटलं, पटलं त्यांना. पाहुणे भोवती जमले. एका बाईंनी विचारलं, "आजोबा, तुम्ही शार्क पाहिलाय का कधी?"

"होय. मोरी."

"मग काय केलंत?"

"खाल्ली."

सगळे हसले. काका हसले नाहीत. त्यांचे हात मांडीवर होते आणि नजर शेपटाकडे. तिथे दोन मुली दोर रचता रचता त्यात वाळूचा किल्ला करत होत्या.

वाटे पडले तेव्हा तांडेलाने काकांचा वाटा आणून खुर्चीच्या पायाशी ठेवला. मोजून चांगले बांगडे होते. काका उठले, हाफ पँटची वाळू झटकली आणि चालायला लागले. मला वाटलं विसरले. मी पिशवीत भरून ते बांगडे घरी पाठवून दिले. पिशवी तशीच परत आली. आणि दुसऱ्या दिवशी काका आले नाहीत.

मला अडचण दिसली की मी उपाय शोधते. पहिला उपाय मी लगेच शोधला. आजारी माणसाचा वाटा घरी जातो ना? मग काकांना आजारी धरायचं. तांडेल तयार होईना, पण मी पाठीस लागले. शेवटी तो स्वतः मासळी घेऊन गेला, मी मागे कुंपणाशी उभी.

"काकानु, आजारी माणसाचो वाटो हाडलय."

"कोण आजारी?"

"तुमी."

"माका काय झाला? सकाळी बावडेवरसून पाणी हाडलय. माडाच्या मुळात शेण घातलय. रे, जित्या माणसाक आजारी कित्याक करतास?"

"वयनी म्हणतत—"

"तिका सांग, मी बरो आसय."

मी कुंपणाशी आहे हे त्यांना दिसत होतं.

परतताना तांडेल पुढे आणि मी मागे. घराजवळ आल्यावर म्हणाला, "वाटो मी रोज घालतलय. माणूस आपल्या तोंडान 'नको' म्हणीपर्यंत वाटो त्येचोच. येवदे नायतर नको येवदे." आणि खरंच, त्या दिवसापासून वाळूवर काकांचा वाटा रोज पडायला लागला. सगळे आपापली मासळी उचलून गेले की तो एक ढीग उरायचा. तांडेल थोडा वेळ थांबायचा, घारी घिरट्या घालायला लागल्या की वाटेने जाणाऱ्या कुठल्याही बाईला तो देऊन टाकायचा. मला ते बघवत नसे. पण त्यातच माझी आशाही होती. वाटा पडतोय तोवर काका रापणीतच आहेत. एखाद्या सकाळी राग जाईल, येतील, बसतील. मी खुर्ची तर केव्हाच घरी आणून टाकली होती आणि शेपटाशी आता कोणा पाहुण्याला बसू देत नव्हते. दोर मीच रचायचे. जागा धरून ठेवल्यासारखी.

दुसरा उपाय जेवणाचा. मी बांगड्याचं तिखलं करून डब्यातून पाठवलं. डबा धुऊन आला, आत शेवग्याच्या शेंगा. सुंगटाचं सार पाठवलं, डब्यातून पेरू आले. मला बरं वाटलं. रोज चाललं. मग एका दुपारी नवरा जेवता जेवता म्हणाला, "काकांचा मांजर बघितलंस?"

"काय झाला त्येका?"

"काय झाला म्हणजे? वाघ झालो आसा. तुझ्या हातचा सार मानावला त्येका."

"म्हणजे काका खात नाय?"

"सोड्याची किसमूर आणि पेज खातत. मगाशी बघून इलय." भात कालवत तो पुढे म्हणाला, "तुझ्या डब्यान तुका बरा वाटता, त्येंका नाय. पण धाड तू. मांजराचो विचार कर."

त्याच्या बोलण्यात विष नसतं. म्हणूनच ते लागतं. मी डबा बंद केला.

तोंडावर माफी का मागितली नाही असं कोणी विचारेल. मागितली. पडवीत जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "काका, माजा चुकला. तुमी येवा, तुमच्या जाग्यार बसा." ते वेताची टोपली विणत होते. म्हणाले, "तुजा काय चुकला गो चेडवा? वय झाला माजा, ता खराच." माझंच वाक्य. कोणी पोचवलं कोण जाणे.

मग मी तिसरी गोष्ट केली. ती उपाय म्हणून केली नव्हती, तोंडातून गेली.

किनाऱ्यावरून घरी येताना काकांच्या दारावरून यावं लागतं. फेब्रुवारीतली सकाळ. जाळ्याला तारले लागले होते, इतके की पाहुण्यांच्या हाताला सकाळभर खवले चिकटलेले. माझ्या पाटीत पाहुण्यांच्या तळणाची मासळी, वर फडकं. काका पडवीतून म्हणाले, "काय गावला आज?"

कितीतरी दिवसांनी त्यांनी रापणीचं विचारलं होतं. बाकी कोणी त्यांच्यापुढे रापणीचा विषय काढत नव्हतं, त्यांना वाईट वाटेल म्हणून. आणि मी, पाटी भरलेली असताना, म्हटलं, "काय नाय ओ काका. जेलीफिश नि कचरो."

"काय्येक नाय?"

"मुठभर पेडवे."

ते "असा काय" म्हणाले आणि मान खाली घालून वेत सोलायला लागले. मला वाटलं, बरं झालं. आपण गेलो नाही म्हणून फार काही हुकलं नाही, असं वाटलं असेल त्यांना. चांगल्या मासळीची वार्ता देऊन त्यांना डिवचायचं कशाला? दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्या दिवशी म्हटलं जाळं एका बाजूला फाटलंसुद्धा. एकदा खोटं बोलायला लागलं की त्यात तपशील घालायचा मोह होतो, आणि तपशिलात मी कधी कमी पडत नाही. त्या आठवड्यात खरं तर समुद्र भरभरून देत होता.

मग एका सकाळी जाळं ओढून येत असताना मी शेपटाशी दोर रचत बसले होते. पाठीमागे कोणीतरी खाकरलं. वळून बघते तर काका. डोक्याला पंचा बांधलेला, कामाला यायचे तसा. हातात काठी, ती त्यांनी वाळूत रोवली.

"रोज आयकतय, जाळा रिकामा," ते धापा टाकत म्हणाले. "म्हटला, हात कमी पडतत. सरक बघया."

मी झटकन उठले. मला इतका आनंद झाला की मी काय सांगत आले होते ते त्या क्षणाला विसरलेच. "बसा काका, बसा. हात लावा."

ते खाली बसायला वाकले. एक हात दोराकडे गेला. तेवढ्यात पुढून आरडाओरडा झाला. जाळ्याची पिशवी लाटेत दिसायला लागली होती. वर बगळे आणि घारी. पाणी नुसतं चमकत होतं. पाहुणे उड्या मारत होते. काका वाकलेले होते तसेच मान वर करून बघत राहिले. मग सरळ झाले.

"ह्या रिकामा?"

ते माझ्याकडे वळले.

"काल काय गावला?"

"बांगडे."

"परवा?"

"तारले. नि थोडी कर्ली."

"त्येच्या आदल्या दिसाक? सांग गो. सगळा सांग."

मी सांगितलं. मला सगळं आठवत होतं, दिवसांच्या क्रमाने, माशांच्या नावांनी, दोर हातात धरून उभी राहून. बांगडे, तारले, सौंदाळे, एका दिवशी सुंगटं, एका दिवशी मोडूसे. काका मान हलवत ऐकत होते. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत नव्हते. सांगून झालं तेव्हा बघितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते हसत होते.

"म्हणजे रापण बरी आसा," ते म्हणाले.

"काका, मी—"

"माका काळजी लागलेली गो. माज्या मनात येय, माज्या रागापायी तर रापणीक काय बाधला नाय मा? काल देवळात नारळ ठेवन इलय. म्हटला, म्हाताऱ्याचो राग पोरांका बाधूक नको." त्यांनी पंचा सोडला आणि तोंड पुसलं. "बरी आसा तर."

तांडेल पुढून ओरडला, "काकानु! हात लावा, हात लावा! खोलो अजून पाण्यात आसा!" रापणकर सगळे वळून बघत होते. दोघंतिघं हसत होते, खरोखरच्या आनंदाने. त्यांना वाटलं काका परत आले.

काकांनी काठी उपटली. "रे," त्यांनी आवाज दिला, "आजपासून माजो वाटो घालू नको."

"काकानु, असा कित्याक बोलतास? इलास ना आता? लावा हात."

"हात आसत तुज्याकडे. पुरे आसत. मी उगाच काळजी करी होतय." मग माझ्याकडे काठी केली. "माजो वाटो हिका घाल. दोर हीच गुंडाळता."

मी त्या बोलण्यात कुठे टोमणा आहे का ते शोधलं. सापडला असता तर मला राग तरी आला असता. नव्हता. हिशेब होता, आणि बरोबर होता. दोराला हात माझा होता.

"काका, माका वाटो नको," मी म्हटलं. "तुमी हात लावा. बघा, अजून येवक नाय बाहेर."

"रडू नको गो. पावणे बघतत," ते हळू म्हणाले, आणि ओल्या वाळूवरून सावकाश निघून गेले. पिशवी बाहेर आली तेव्हा ते सुरूंपर्यंत पोचले होते. मागे वळून त्यांनी एकदा ढिगाकडे बघितलं, किती आहे ते.

वाटे पडले. काकांच्या वाट्याचा ढीग तांडेलाने या वेळी माझ्या पायाशी आणून ओतला. नको म्हणायची सोय नव्हती. वाळूवर घातलेला वाटा उचलायचा नाही म्हणजे रापणीलाच नाही म्हणणं. आणि घारी तर जवळ आल्याच होत्या. न्यायला माझ्याकडे काही नव्हतं, पाटी मी पाहुण्यांच्या मासळीने आधीच भरली होती. एका पाहुणीने तिच्या मुलीची वाळूत खेळायची लाल बादली पुढे केली. "ह्यात घ्या ना ताई. किती मस्त, तुम्हालाही मिळाले!" मी वाकून बांगडे भरले. बादलीवर बदकाचं चित्र होतं आणि बांगड्यांच्या शेपट्या वर येत होत्या.

घरी जाताना त्यांच्या दारावरून जावंच लागलं. एका हातात पाटी, एका हातात बादली. झाकायला फडकं होतं, पण मी झाकलं नाही. काका पडवीत बसले होते. त्यांनी बादलीत डोकावून बघितलं.

"बरे आसत," ते म्हणाले. "ह्येंका गेल्या गेल्या मीठ लाय. ऊन चढला, ऱ्हवचे नाय दुपारपर्यंत."

"होय काका," मी म्हटलं.

घरी आले. पाहुण्यांचा नाश्ता व्हायचा होता. आधी मीठ लावलं.